बाळाच्या कानातलं नाव

बाबा,
मी बारशाच्या हॉलवर पुढे जातेय. रिक्षा अकराला येईल. गोळी नाश्ता झाल्यावरच घ्या.

आत्या म्हणून बाळाच्या कानात मी ‘कॅलम’च सांगणार, तुम्ही गुपचूप पढवलेलं तुमच्या वडिलांचं नाव नाही. दादा नोकरीला असलेल्या जहाजाला आग लागली तेव्हा त्याच्यासोबतच्या त्या स्कॉटिश कॅलमने दादाला बाहेर ढकललं आणि तो स्वतः आतच राहिला. हे माहीत असूनही काल पाहुण्यांसमोर हसलात, ‘कलम? पोरगा आहे की आंबा?’ दादा भरल्या ताटावरून उठला.

दादा झाला तेव्हा दारात तुम्ही कलमच लावलंत ना? त्याचं पानसुद्धा कुणाला तोडू देत नाही. आज हॉलच्या तोरणासाठी मी त्याचीच पानं तोडलीत. ओरडायला तरी या.

रंजिता