पांढऱ्या पट्ट्याची बॅग

३ मार्च, सोमवार

वर्गात नवं प्रकरण. वाक्यातलं नाम काढायचं आणि त्या जागी 'त्याला', 'तिला', 'त्यांना' घालायचं. फ्रेंचमध्ये हे शब्द क्रियापदाच्या आधी येतात. बाकीचे सात जण – सहा नर्सेस आणि एक स्वयंपाकी, सगळे परदेशी निघालेले – इंग्रजीच्या सवयीनं ते मागे टाकत होते. मला अडलंच नाही. मी तिला बघते – ज ला व्वा. आपलीच चाल की! बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे गेलात."

बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वही पिशवीत घातली आणि बसनं घरी आले.

५ मार्च, बुधवार

दुकानात आज अठरा चष्मे. काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, पुसायची, पुढची घ्यायची. एका फ्रेममध्ये डावी काच उजवीकडे बसवली. मालकांनी ती गुपचूप स्वतः बदलली. माझा मुलगा गेल्यापासून ते मला काहीच बोलत नाहीत. एकदा चांगलं फैलावर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

९ मार्च, रविवार

नातीचा परदेशातून व्हिडिओ फोन. सहा मिनिटं. पूर्वी तासभर चालायचा.

तिचं नाव बटण. मुलानंच ठेवलेलं, नाकावरून. तो होता तेव्हा आमच्या मधे बसायचा – तिचं फ्रेंच मला मराठीत सांगायचा, माझं तिला. स्वतःच्या पदरचं बरंच घालायचा, लबाड. जुलैत तो गेला. आम्हाला व्हिसा वेळेत मिळाला नाही. अंत्यविधी, सगळं फोनवर पाहिलं.

आता बटण आणि मी नुसत्या एकमेकींकडे बघतो. पुढचे दोन दात पडलेत तिचे. भुवया उंचावून भरभर काहीतरी विचारते, दर रविवारी तेच असावं. मी वर्गात शिकलेलं 'वी, वी' म्हणते. हो, हो. ती थोडा वेळ थांबते आणि निघून जाते. कशाला थांबते, कळत नाही.

नंतर सुनेचा मेसेज. भाषांतर फोन करून देतो, वाचताना कचेरीतून नोटीस आल्यासारखं वाटतं. 'पुढील महिन्यापासून साप्ताहिक संभाषण नको. महिन्यातून एकदा पुरेसे आहे.'

हे आतून म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं. बॅग परत पाठवली त्याच दिवशी तिनं आपल्यावर पाणी सोडलं."

नात हातची जाणार. असं लिहिलं तरी काही होत नाही मला. दुसऱ्या कुणाची तरी नात असावी तसं. वर्ग मात्र सोडायचा नाही.

१२ मार्च, बुधवार

बाईंची पद्धत: घरातली एक वस्तू घ्यायची, तिच्यावर दहा क्रियापदं चालवायची, आवाज रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. चिठ्ठ्या काढल्या. स्वयंपाक्याला 'मांजर' आलं. तो म्हणाला, "बाई, मांजर वस्तू कधीपासून झाली?" सगळे हसले. मला 'बॅग' आली. बाई म्हणाल्या, "सोपी आहे, घरात असेलच."

आहे ना. ऑगस्टपासून पॅसेजमध्ये उभी आहे. मुलगा इथून निघाला तेव्हा विमानतळावर पटकन ओळखू यावी म्हणून ह्यांनी तिच्यावर पांढरा पट्टा रंगवला होता. तो गेल्यावर महिन्याभरात कुरिअरनं परत आली. कागदावर लिहिलेलं – वैयक्तिक सामान. त्याचे कपडे असणार. ह्यांनी कुरिअरची प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा कापली नाही. मीही कधी कापा म्हटलं नाही. येता-जाता अंग चोरून जातो दोघंही.

१३ मार्च

काही नाही. बावीस चष्मे.

१४ मार्च, शुक्रवार

स्वयंपाकघराचं दार लावून रेकॉर्ड केलं. बॅग. मी तिला बघते. तिला पुसते. तिला भिंतीकडे सरकवते. तिला ओळखते. मी तिला उचलत नाही. मी तिला उघडत नाही. माझा नवरा तिला उघडत नाही. आम्ही तिला उघडत नाही... दहा भरली. आवाज अगदी सपाट, बातम्या वाचल्यासारखा. मराठीत मांडून बघितलं तर बॅगेचं माणूसच झालं.

मग पाठवलं. चष्मा कपाळावर होता. चष्म्यांच्या दुकानात उभं आयुष्य गेलं आणि चष्मा न लावता बोट दाबलं! यादीत ग्रुपच्या वरचं नाव सुनेचं आहे. तिला गेलं.

१५ मार्च, शनिवार

तिनं ऐकलंय, तशी खूण दिसते. उत्तर नाही. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "घ्या. आता महिन्यातून एकदा होतं तेही गेलं." मी भाजी चिरत राहिले. पहिल्यांदाच जरा भीती वाटली.

१६ मार्च, रविवार

चारला फोन येतो. आला नाही. सव्वाचार. साडेचारला सुनेचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. लहान मुलाशी बोलावं तसा सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तीनदा ऐकला. कळला.

"आई, तुम्ही ती उघडलीच नाहीत? बटण तुम्हाला दर रविवारी विचारते, आजी, बॅग उघडलीस का. तुम्ही दर वेळी हो म्हणता. मला वाटलं, तुम्हाला नको आहे. उघडा ती. आत्ता उघडा."

ह्यांना अर्थ सांगितला. हे पॅसेजमध्ये उभे राहिले, पट्ट्याकडे बघत. मग म्हणाले, "कात्री कुठे आहे?"

तोच दिवस, सहा वाजता

त्याचं काहीच नाही आत. एक शर्टसुद्धा नाही. चार लहान फ्रॉक, दात घासायचा ब्रश, रंगखडू, एका पायाचा मोजा. सुनेची चिठ्ठी, चार ओळींची. शब्दकोश लागला नाही.

'सामान बटणनं स्वतः भरलंय. तिला तुमच्याकडे राहायला यायचंय. कधी पाठवू ते कळवा. आम्ही वाट बघतो.' तारीख ऑगस्टची.

फ्रॉक हातात उंच धरून बघितला. आता तिला व्हायचा नाही. तेव्हा रडू आलं, पहिल्यांदा.

हे फोन घेऊन शेजारी येऊन बसले. म्हणाले, "लाव. तुला येतं."