अहवालातलं उज्ज्वल भवितव्य

ठाकुर्ली, ९ मार्च १९६८

आज साहेबांनी कंपनीचा वार्षिक अहवाल मला टाइप करायला दिला. कोळशाची मागणी टिकेल, परदेशातल्या युरेनियमच्या खाणींमुळे भवितव्य उज्ज्वल. उज्ज्वल म्हणे. याच कंपनीच्या कोळशाच्या खाणीतून माझा दादा छाती पोखरून घरी आलाय.

"आजारी कामगारांचा परिच्छेद गाळा," साहेब म्हणाले. "भागधारक बिचकतात."

"तो गाळून मी टाइप करणार नाही." कुठून आलं हे धैर्य?

"मग उद्यापासून येऊ नका."

उज्ज्वल. मेल्यांना लाज कशी वाटत नाही?

घरी दादाला सगळं सांगितलं. वाटलं, नोकरी घालवली म्हणून ओरडेल. खोकल्याची उबळ ओसरल्यावर त्याने एवढंच विचारलं, "त्यात माझं नाव होतं का गं?"

नव्हतं. नुसता आकडा होता. मी "होतं" म्हणाले.