मनोरे की आकाश?

प्रिय क्लेटस,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता घोड्यावर चढू देतो का? वहिनींना नमस्कार सांगा. वर्लीन, रुतलेले ट्रक ओढून काढणाऱ्या दोरीगाडीवाल्याच्या शेजारी बसून, तुमच्याकडे सुखरूप पोहोचली असेलच. भावाला बहिणीची बाजू आधी ऐकावी लागते, म्हणून माझी बाजू लेखी देत आहे.

आमच्या ट्रकमध्ये उपग्रहाचे दोन रेडिओ आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. (नवरा-बायको पाळीपाळीने गाडी चालवतात तिथे नियम एकच: चालवणाऱ्याचा रेडिओ वाजेल, झोपणाऱ्याने ऐकून घ्यावं.) माझ्या कंपनीचे दोन उपग्रह दूर दक्षिणेला एका जागी खिळलेले असतात आणि शहराशहरांत तिने उपग्रहाचा आवाज पुढे पोहोचवणारे शेकडो मनोरे उभारलेत. वर्लीनच्या कंपनीने सगळा पैसा वर उडवला: तीन उपग्रह आळीपाळीने थेट डोक्यावर येतात, मनोरे मात्र नावापुरते. मी युनियनच्या सभेत गरजून सांगितलं आहे आणि पुन्हा सांगतो, पैसा जमिनीवर घालावा! मनोरा उभारायला माणसं लागतात, तारा ओढायला लागतात, दुरुस्तीला लागतात. आकाशात फिरणाऱ्या डब्याने आजवर कुठल्या कामगाराचं पोट भरलं? शिकागोच्या उंच इमारतींत माझा रेडिओ खणखणीत वाजतो आणि तिचा उचक्या देतो, हे तिलाही कबूल आहे.

यावर ती एवढंच म्हणाली, "ऑर्विल, आपण शिकागोत राहतो का रे?"

हा प्रश्न मला लागला. म्हणून युटाहचे पीच घेऊन उत्तरेला येताना मी हमरस्ता सोडून सॅमन नदीच्या घळीतला रस्ता धरला. डोंगरातही माझाच रेडिओ वाजतो हे तिला दाखवायचं होतं. बेसबॉलचा सामना शेवटच्या डावात आला, आणि माझा रेडिओ मुका! (एका बाजूला कडा आणि तोंड उत्तरेला, त्यामुळे दक्षिणेचं आकाश आमच्याच उंच ट्रेलरने अडवलेलं.)

मागच्या बिछान्यावरून आवाज आला, "काय रे, तुझे शेकडो मनोरे जेवायला गेले का?"

मी ट्रकचं तोंड दक्षिणेला फिरवायचं ठरवलं. विचार शास्त्रशुद्ध होता, रस्त्याची कड मऊ होती. मागची चाकं चिखलात रुतली, ट्रेलर नदीकडे कलला आणि पिकलेले पीच एकमेकांवर बसले. चिखलात उभा राहून मी वर्लीनला समजावत होतो की हा दोष रेडिओच्या रचनेचा नसून डोंगराच्या जागेचा आहे. तेवढ्यात दोरीगाडी आली. ट्रक वर ओढून झाल्यावर वर्लीनने पिशवी उचलली. "इतकी वर्षं तुझी भाषणं ऐकत आले," ती म्हणाली, "आज एकदा तरी विचारायचंस, लागलं का म्हणून." आणि ती त्या गाडीत बसून निघून गेली.

आता सांगा, कंपनीच्या अभियंत्यांनी उपग्रह कुठे टांगावेत, यात माझा काय अपराध?

तुमचा मेव्हणा,
ऑर्विल

ता. क. ट्रेलर कलला तेव्हा तिचं डोकं बिछान्याच्या फळीवर आपटलं होतं. टेंगूळ आलं असेल तर वहिनींना बर्फ लावायला सांगा.

ता. क. २ पाकिटावर तिकीट नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पीच उतरवून दुपारपासून मी तुमच्या गोठ्याच्या उत्तरेला ट्रक लावून बसलो आहे. गोठ्याने दक्षिण पूर्ण झाकली आहे. माझा रेडिओ मेला आहे. तिचा मीच चालू ठेवला आहे, तिची ती रडकी फिडलची गाणी लावून. एकदाही उचकी आलेली नाही.

ता. क. ३ तिला बाहेर पाठवा. म्हणावं, पाळी कुणाचीही असो, रेडिओ तुझाच. आणि काय विचारायचं ते मी या वेळी आधी विचारीन. (मनोऱ्यांबद्दलचं माझं मत कायम आहे, ते तिला आजच सांगू नका.)