बर्फघरासमोरची पाटी

प्रिय हॅल्वर,

माझी पत्रं तू उघडतोस की पाठीमागचा पत्ता पाहून तशीच ड्रॉवरमध्ये टाकतोस, मला माहीत नाही. हे मात्र उघड. आपलं शेत काउंटीच्या पार्कमध्ये गेलं, त्यातलं तळ्याकाठचं बर्फघर त्यांनी नीट दुरुस्त केलंय. येत्या शनिवारी त्याच्यासमोर इतिहासाची पाटी लागणार आहे, आणि तिच्यावर एक वाक्य तुझ्याबद्दल आहे.

आता आलास तर तुला काही ओळखू येणार नाही. आपल्या गोठ्याच्या पायापासून एक पायवाट निघते, तिच्यावर झाडाझाडाला पिवळे पट्टे आहेत. ते रंगवायचं काम माझं. गुडघे कुरकुरतात, तरी दर एप्रिलला डबा आणि ब्रश घेऊन निघते. चुन्याची भट्टी वेलींनी पार गिळली होती, ती मोकळी केली. आईची सफरचंदाची झाडं अजून फळतात, पण फळं सगळी हरणांच्या पोटात जातात. रविवारी मी शहरातून आलेल्या लोकांना हिंडवून आणते. पार्कचा ग्लेन मला चिडवतो, "आर्डिस, इथलं सगळ्यात जुनं प्रेक्षणीय स्थळ तुम्हीच. तुमच्यासमोरही एक पाटी ठोकू का?" मी म्हणते, "ठोक, पण जन्मसाल घातलंस तर बघ."

लोकांना सगळ्यात आवडतं ते बर्फघर. भुशात पुरलेला बर्फ ऑगस्टपर्यंत टिकायचा, हे त्यांना खरंच वाटत नाही. मी त्यांना बाबांची लांब करवत दाखवते. लाद्या कापून झाल्या की उघड्या पाण्याभोवती खुणेसाठी सीडरच्या फांद्या रोवायच्या, तेही सांगते. कारण रात्रीत पाण्यावर बर्फाची पातळ साय धरते, वर हिम पडलं की सगळं तळं सारखंच पांढरं दिसतं. मग कुणीतरी विचारतंच, "कुणी पडलं होतं का हो कधी?" पडलं होतं, मी सांगते. माझा धाकटा भाऊ मर्ल, पाच वर्षांचा, सत्तेचाळीसच्या जानेवारीत. घराकडच्या बाजूला फांद्या लावायच्या राहून गेल्या होत्या. अकरा वर्षं मी हेच सांगत आलेय. ग्लेनने ते ऐकून पाटीवर लिहिलं, 'फांद्या लावायचं काम थोरल्या मुलाकडे होतं. घराकडची बाजू त्याच्याकडून राहिली.'

ते कागदावर वाचलं आणि मला त्या संध्याकाळचं जेवणाचं टेबल आठवलं. तू चौदा वर्षांचा. तू म्हणालास, "मी सोळा लावल्या होत्या. चारही बाजूंना." बाबा म्हणाले, "मग सहा काय हरणांनी नेल्या?" आठवड्याभरानंतर तू तो विषय बंदच केलास, पुन्हा कधी काढला नाहीस. त्या दिवसापासून बाबा बटाट्यांचं भांडं तुझ्यापुढे न थांबवता माझ्याकडे द्यायचे आणि मी ते घ्यायचे. अठराव्या वर्षी तू गाडीत बसून मोंटानाला गेलास. आईच्या अंत्यविधीला आलास तोही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलास, आणि खाली तळघरात कॉफी आणि लेफ्सेच्या बटाट्याच्या पोळ्या मांडेपर्यंत निघूनही गेलास. शेजारची बर्डीन म्हणाली, "बाई गं, अजून ताठच आहे तुझा भाऊ." मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला फार लाज वाटते.

सोळाच होत्या, हॅल्वर. शाळेत आम्ही हिमाचा किल्ला बांधला होता, त्याच्या तटावर लावायला मला झाडं हवी होती. घराकडच्या बाजूच्या सहा फांद्या मी उपटल्या. त्या रात्री हिम पडलं. मी नऊ वर्षांची होते, असं स्वतःला समजावत आले; पण आता मी एकसष्ट वर्षांची आहे, आणि बाबांना हे न सांगताच मी त्यांना पोचवलं. काल ग्लेनच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. त्याने पाटीचा कागद पुढे ओढला आणि म्हणाला, "नाव नाही घातलं तरी चालेल, आर्डिस." मी म्हटलं, घाल. आता पाटीवर असं आहे: 'थोरला भाऊ हॅल्वर याने चारही बाजूंना फांद्या रोवल्या होत्या. त्यातल्या सहा बहीण आर्डिस हिने काढून नेल्या.' शनिवारी दुपारी दोन वाजता पाटी लागेल. तू यावंस असं मला फार वाटतं, पण ये म्हणायचं तोंड मला नाही. एकच गोष्ट सांगायची राहिली. मर्ल गेल्यावर आठवड्याने मी शाळेत गेले, तेव्हा आमचा किल्ला कुणीतरी पायांनी तुडवून सपाट केला होता, आणि त्या सहा फांद्या तिथे नव्हत्या. त्या तूच नेल्यास, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तू बाबांसमोर एकदाही माझं नाव घेतलं नाहीस.

बावन्न वर्षं उशीर केलेली, तुझीच
आर्डिस