चौथ्या दालनातली चिठ्ठी

१२ जून

ती. ताईस,

नमस्कार घे. रागावली असशील, तरी घे.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. भाओजींचं पथ्य सांभाळ.

धरणफुटीच्या संग्रहालयात वस्तूंखालच्या पाट्या मीच लिहिते. आमचा नियम एकच: वस्तू कुणी दिली, त्याचं नाव पाटीवर हवं. निनावी वस्तू घेत नाही. चाळीस वर्षांनीही लोक ओळखीची नावं शोधत येतात. शेजारच्या चिमीची आई तर दर आठवड्याला येते. चिमीच्या दप्तरावरची काच रुमालाने पुसते आणि विचारते, "पोरी, आधी कुणालाच कळलं नव्हतं का गं?" पहिल्या दालनातली पाटी सांगते, कुणालाच कळलं नव्हतं. तीही मीच लिहिली होती.

सोमवारी मी आईच्या ट्रंकेतली चिठ्ठी संग्रहालयाला दिली. धरणावरून बाबांनी जीपवाल्याच्या हाती पाठवलेली. "पोरींना घेऊन टेकडीवर जा. कुणाला सांगू नकोस. साहेबांची सक्त ताकीद आहे." वर वेळही आहे, गावात पाणी शिरण्याच्या दोन तास आधीची.

तू फोनवर म्हणालीस, "मेलेल्या बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस?" हो, मांडते. बाबा दुष्ट नव्हते, भित्रे होते. त्यांनी आपल्याला वाचवलं आणि गाव बुडू दिलं. संचालक म्हणाले, "बाई, वरून विचारणा होईल." म्हटलं, होऊ दे. मला काढलं तरी चिठ्ठीची नोंद झाली आहे, ती आता ट्रंकेत परत जात नाही.

एक गोष्ट तुलाही सांगितली नव्हती. आपण निघालो तेव्हा चिमी पायरीवर बसली होती. "कुठे चाललीस?" म्हणाली. "मावशीकडे," मी म्हटलं. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. चिठ्ठी मी वाचली होती, ताई.

काल तिच्या आईला मीच चौथ्या दालनात, चिठ्ठीपाशी नेलं. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाली, "तुम्ही मावशीकडे गेलात, असं चिमीने मला सांगितलं होतं." रुमाल काढला आणि काच न पुसताच परत ठेवला. मला फार रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचा हक्क माझा नाही.

पहिल्या दालनातली ती पाटी आज मी स्वतः उतरवली. चिठ्ठीखाली माझं नाव लिहिलं आहे, शेजारी तुझ्यापुरती जागा सोडली आहे. शनिवारी चौथ्या दालनाची दारं सगळ्यांना उघडतील. तू आलीस तर नाव लिहू, नाही आलीस तर जागा तशीच दिसेल.

आता विचारेल त्याला सांगणारी,
तुझी धाकटी