केस कापायला कारण लागतं

८ जानेवारी, सोमवार

आजपासून फाटकावरची ड्यूटी माझ्याकडे. मोठ्या बाई म्हणाल्या, मुलांकडे पीटीचे सर बघतात, मुलींकडे आता तुम्ही बघा. म्हणजे सकाळी फाटकात उभं राहायचं. वेण्या दोन आहेत का, दुमडलेल्या आहेत का, रिबन काळीच आहे ना, स्कर्ट गुडघ्याखाली आहे का – नसेल तर त्या मुलीला बाजूला काढायचं. शिकवणं त्यानंतर!

सरांची पद्धत बघण्यासारखी आहे. मुलाचे केस चिमटीत धरतात. बोटांच्या वर केस दिसले की मोठे. आज एकाला म्हणाले, माझी बोटं जाड असती तर सुटला असतास. तो बिचारा हसला. मग त्यालाही बाजूला उभं केलं.

युनिफॉर्मवर माझा राग नाही, हे इथे लिहून ठेवते. मी शाळेत होते तेव्हा बाहेर घालायचा एकच फ्रॉक होता माझ्याकडे, आणि ते वर्गात कुणाला कधी कळलं नाही, कारण सगळ्याच निळ्या स्कर्टात. त्या निळ्या रंगाचे माझ्यावर उपकार आहेत. पण केस? स्कर्ट घरी गेल्यावर खुंटीला अडकवता येतो. केस कुठे अडकवायचे? म्हणजे मुलगी घरी गेली तरी तिचं डोकं शाळेतच!

हे मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं. गणिताच्या बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवीन आहेस. उतरेल हळूहळू."

ताप असल्यासारखं!

९ जानेवारी, मंगळवार

एक पाचवीतली रडली. मी फक्त रिबन कुठे म्हणून विचारलं होतं. माझा आवाज एवढा कधीपासून चढायला लागला?

११ जानेवारी, गुरुवार

रात्री जेवताना बाबा फार खुशीत. आज त्यांच्या केस कापायच्या दुकानात एक मुलगी आली म्हणे. माझ्या शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. बाबांच्या दुकानात बाईमाणूस येतं ते नवऱ्याला नाहीतर पोराला बोलवायला. ही सरळ खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, काका, मुलांसारखे कापा.

आईने विचारलं, तुम्ही तिच्या घरी विचारलं नाहीत? बाबांना प्रश्नच कळेना. खुर्चीत बसलं ते गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणेल तसे केस. एवढी वर्षं हेच केलं. "काय सुंदर गोल डोकं आहे गं तिचं," मला म्हणाले. "वेण्यांत कधी दिसलंच नसेल कुणाला."

कोण असेल?

१२ जानेवारी, शुक्रवार

भिंगरी! नववीतली. वर्गात एका जागी दोन मिनिटं बसत नाही म्हणून मीच तिला ते नाव ठेवलंय. सकाळी फाटकात आली आणि सगळी रांग थांबली. मान उघडी, कान उघडे, केस टोपीसारखे बसलेले. बाबांचा हात मी लगेच ओळखला. मानेवरची ती रेघ दुसऱ्या कुणाला येत नाही.

पीटीचे सर बघतच राहिले. मग मला म्हणाले, "बाई, ही तुमच्या रांगेत की माझ्या?" सगळी मुलं हसली. तीही हसली. सरांनी गंमत म्हणून तिचे केस चिमटीत धरले – एकही केस बोटांच्या वर नाही. मुलांच्या नियमात पास!

मुलींच्या नियमात नापास. मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं, मग मला. नियम स्पष्ट आहे म्हणाल्या. दोन वेण्या. वेण्या येईपर्यंत घरी. आज एकीला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल.

मी म्हटलं, मुलाचे केस मोठे असतील तर तो संध्याकाळी कापून येतो आणि सकाळी वर्गात बसतो. हिने काय करायचं? केस ओढून लांब होतात का? मार्चमध्ये परीक्षा आहे. वर्ष जाईल तिचं.

"ते तिने कापण्याआधी बघायचं होतं."

आणि मी निघताना मागून – तुमचंही यंदा कायम व्हायचं आहे ना?

१५ जानेवारी, सोमवार

भिंगरीची जागा रिकामी. आणि शाळेत दुसरा विषय नाही.

सगळ्यांना एकच हवंय – कारण. उवा झाल्या होत्या का? घरात कुणी गेलं का? प्रेमभंग? (गणिताच्या बाई! चौदा वर्षांच्या मुलीला!) कुणी म्हणे आईने रागाच्या भरात कापले. काहीतरी वाईट घडलं असेल तर सगळ्यांना तिची दया येणार. नुसतेच कापले असतील तर ती उद्धट. म्हणजे मुलीने आपल्या डोक्याला हात लावायचा तर आधी संकट हवं!

बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनीच कापलेल्या केसांमुळे एका मुलीची शाळा बंद झाली, हे कोणत्या तोंडाने सांगू?

१६ जानेवारी, मंगळवार

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. एकच खोली, त्यात तिची आई लोकांचे कपडे इस्त्री करते. खोलीभर शर्ट टांगलेले. ती त्या शर्टांमधून वाट काढत आली, मला बसायला स्टूल दिलं आणि मग धरून ठेवलेलं सगळं माझ्यावर ओतलं. या पोरीला अक्कल नाही, मी मर मर मरते, ही केस कापून येते. मग एकदम आवाज खाली आला. बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, काहीतरी करा हो.

भिंगरी शर्टांच्या घड्या घालत होती. मी तिला बाहेर नेलं. का कापलेस? खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही.

"कारण नाहीये, बाई. मला असे आवडतात."

एवढंच? एवढंच. मानेला वारा लागतो म्हणाली.

खरं लिहू? मला राग आला. काहीतरी असायला हवं होतं. एखादं दुःख, निदान डोकेदुखी. तिच्यासाठी भांडायला मला हातात काहीतरी हवं होतं. आणि हिच्याकडे काय – वारा!

परत येताना लाज वाटली. मीही कारणच मागत होते की.

१७ जानेवारी, बुधवार

आई म्हणते, कायम होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव, मग काय बोलायचं ते बोल. मी म्हटलं, तोवर कुलूप गंजेल. आई म्हणाली, शिकवलं तुला तेच चुकलं, नुसती जीभ शिकली.

१८ जानेवारी, गुरुवार

केलं. बरोबर केलं की चूक ते माहीत नाही, पण केलं.

मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं – तिच्या डोक्याला काहीतरी झालं होतं. त्वचेचं. म्हणून केस काढावे लागले. शाळेत सांगायची घरच्यांना लाज वाटली.

वाटलं होतं, डॉक्टरची चिठ्ठी मागतील. नाही मागितली. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनाही हेच हवं होतं की काय! "मग आधी नाही का सांगायचं? आम्ही काय राक्षस आहोत? आजाराला नियम नसतो." आणि मग म्हणाल्या, चिठ्ठीबिठ्ठी राहू द्या, तुम्ही सांगताय ना, पुरे.

माझ्या शब्दाला पहिल्यांदाच एवढी किंमत मिळाली. तीही खोट्या शब्दाला.

पण ती उद्या वर्गात असेल. परीक्षेला बसेल. हे महत्त्वाचं की नाही?

१९ जानेवारी, शुक्रवार

आली. डोक्याला पांढरा रुमाल – मोठ्या बाईंची अट. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली,

"बाई, मला काय झालंय?"

मी सांगितलं. थोडे दिवस गप्प राहा म्हटलं, तुझ्या वर्षासाठी केलंय. तिने मान हलवली. हसली नाही. गुणी मुलीसारखी मान हलवली – तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

२३ जानेवारी, मंगळवार

तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय. कुणी सांगितलं? कुणीच नाही, म्हणे. मुलीच आपोआप सरकत गेल्या. तिने पेन्सिल मागितली तर एकीने दिली आणि परत घेतलीच नाही – राहू दे तुलाच.

वर्गातल्या दोघींच्या आया शाळेत येऊन गेल्या. लागण होते का, विचारायला.

आणि भिंगरी एका जागी बसते. पूर्ण तास. अजिबात हलत नाही. वर्गात मला आता तिकडे बघवत नाही, म्हणून फळ्याकडे तोंड करून शिकवते.

२५ जानेवारी, गुरुवार

घरी जाताना दुकानावरून गेले. बाबा स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. या वेळेला त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. म्हणाले, थंडीत लोक केस वाढवतात.

२८ जानेवारी, रविवार

रविवार असून दुकान रिकामं. थंडी नाही, आता कळलं.

बाबांचा जुना दोस्त, घड्याळं दुरुस्त करतो तो, दर रविवारी दाढीला येतो. आज आला तो दारातच उभा राहिला. खूप आढेवेढे घेतले आणि मग सांगितलं – गावभर झालंय, तुझ्या दुकानात एका शाळेच्या पोरीला डोक्याची खरूज लागली. तिचे केस तूच कापलेस ना?

बाबांनी दुपारभर दुकान धुतलं. कात्र्या, वस्तरे, कंगवे, सगळं उकळून काढलं. टॉवेल नवे आणले. मी मदतीला उभी होते. माझे हात ओले होते आणि जीभ कोरडी.

मग एकदम थांबले. मला म्हणाले, "पण मी पाहिलंय तिचं डोकं. या दिव्याखाली. पुटकुळी नव्हती एक. तुझ्याच शाळेतली आहे ना? हे कुणी उठवलं, जरा विचार बरं."

मी म्हटलं, विचारते.

विचारते!! मी असं म्हणाले. बाबांनी माझ्या शिक्षणासाठी त्या खुर्चीमागे उभं राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्या, आणि मी त्यांना म्हणाले, विचारते.

२९ जानेवारी, सोमवार

नाही बोलले. पीटीच्या सरांनी आज विचारलं, तुमचे वडील कुठे कापतात हो केस, जरा लांबून जावं म्हणतो. गंमत म्हणून बोलले. मी हसलेसुद्धा.

३० जानेवारी, मंगळवार

शाळा सुटल्यावर भिंगरी फाटकाबाहेर थांबली होती. ती दुकानावरून गेली होती म्हणे. काका बाहेर स्टूल टाकून बसले होते, तिला बघून हसले आणि विचारलं, बाळ, डोकं बरं आहे ना?

"ते तुमचे बाबा आहेत?" मला विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाली, उद्या मोठ्या बाईंना सांगून टाकते, मला काही झालेलं नाही.

मी तिला अडवलं. म्हटलं, खोटं मी बोलले, सांगणार मी. तू यात पडायचं नाही. तू सांगितलंस तर पुन्हा घरी बसवतील. मी सांगेन, माझं काय व्हायचं ते होईल, आणि तुझ्या वेण्यांचं भांडणही तिथेच भांडेन – कारण नसताना केस कापले, तर कापले! ते पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

"तुमचं कायम होणार आहे ना, बाई?" तिला कुणी सांगितलं कोण जाणे. शाळेत भिंतींनाही कान असतात.

होवो न होवो. उद्या पहिल्या तासाच्या आधी जायचं. ठरलं. आज बऱ्याच दिवसांनी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतंय. बाबांनाही उद्याच सांगेन.

३१ जानेवारी, बुधवार

मी पोचले तर ती आधीच मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभी. रुमाल काढून हातात धरलेला. मोठ्या बाई म्हणाल्या, बरं झालं आलात, ऐका हिचे प्रताप. हिला काहीही झालेलं नव्हतं. हिने तुम्हाला फसवलं. आत्ता स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. केसांचं एक वेळ माफ केलं असतं, खोटेपणाला या शाळेत जागा नाही.

आणि मग मला – "हिनेच तुम्हाला तसं सांगितलं होतं. बरोबर ना?"

भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. मला सोपं जावं म्हणून.

मी हो म्हणाले.