लाईन तुटता कामा नये

२ मार्च, सोमवार

परत तुटलं! चिमी खोलीतून बाहेर आली ती फोन हातात धरूनच. "गेलं गं आई नेट. ऐन बोलण्यात." जावईबापू तिकडे नव्या नोकरीच्या गावी, आणि ही इथे आमच्याकडे — त्यांचं बस्तान बसेपर्यंत, म्हणे. नवरा-बायकोनं बोलायचं ते संध्याकाळी, त्या एवढ्याशा पडद्यावर. तेही धड नाही! अर्धवट बोलणं फार वाईट. एकाचं "तू नेहमीच" पोचतं आणि पुढचं "बरोबर असतेस" वाटेत राहतं. अशानं संसार मोडतात. जेवताना दोन घास खाऊन उठली. डोळे लाल होते. पोटची पोर डोळ्यांदेखत सुकत चाललीय, आणि मी नुसती बघतेय.

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात काम केलं. परक्यांच्या लाईनी जोडल्या. स्वतःच्या लेकीची जोडता येत नाही म्हणजे काय!

३ मार्च, मंगळवार

कंपनीनं फुकट दिलेला तो पांढरा डबा भंगारात जाणार. ठरलं. ऑफिसात लावतात तसला राउटर आणायचा. हे म्हणाले, "घरात काय बँक उघडायचीय?" म्हटलं, हो, आणि दारावर तुम्ही. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे एक आहे — छोट्या ऑफिसांसाठीचा, पण आपल्या ऐपतीतला.

६ मार्च, शुक्रवार

आला! काळा, चपटा, लोखंडी. हातात घेतला की वजन लागतं. मी तर प्रेमातच पडले.

लावला — आणि वायफायच नाही! सगळी बटणं दाबून झाली. दुकानदाराला फोन केला तर तो हसला. "काकू, ऑफिसचा असाच असतो. वायफायची पेटी वेगळी, छताला लावायची." आधी सांगायला काय तोंड शिवलं होतं मेल्याचं? हे सोफ्यावरून, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." यांना आज चहा नाही.

७ मार्च, शनिवार

छताची ती पेटी आणली. ताटलीएवढी, गोल. हे स्टुलावर, मी खाली स्टूल धरून. ड्रिलचा सगळा भुगा माझ्या डोक्यात. "पांढऱ्यात पांढरं, दिसत नाही," म्हणतात! स्टूल सोडून द्यावंसं वाटलं. नाही सोडलं. गुडघे दुखत असून चढले होते बिचारे, तेही न सांगता.

८ मार्च, रविवार

सेटिंगमध्येच दिवस गेला. पर्याय किती, वाचता वाचता डोळे फुटायची वेळ! पण जमलं. घरातल्या नेटच्या वाटा वेगळ्या केल्या — चिमीची वेगळी, आमची वेगळी, पाहुण्यांची वेगळी. वर नियम घातला: चिमीचा कॉल आधी, बाकी जग मागून. यांच्या मॅचला शेवटचा नंबर.

"माझ्याच घरात मी शेवटी?"

"लग्न झाल्यापासून," म्हटलं.

चिमी दारात उभी राहून ऐकत होती. "आई, एवढं कशाला करतेस गं?" कशाला म्हणजे! तू माझी आहेस म्हणून. पोर मागून येऊन गळ्यात पडली, आणि लहानपणी पडायची तशी बराच वेळ तशीच राहिली. फार बरं वाटलं मला.

११ मार्च, बुधवार

हात दाखवून अवलक्षण!

राउटरपासून चिमीच्या खोलीबाहेरच्या जोडपेटीपर्यंत — एका वायरीच्या चार करणारी ती छोटी डबी — एक वायर होती. चांगली चालत होती. पण एक्स्चेंजात आमची शिकवणच ती — वाट कधी एकच ठेवायची नाही. एक तुटली तर दुसरी हवी. म्हणून चिमी बोलायला बसली तेव्हा मी गुपचूप त्याच दोन पेट्यांमध्ये दुसरी वायर खोचली. जित्याची खोड! सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले, घरभर नेट ठप्प, यांचा गोलंदाज पळता पळता हवेतच थिजला. मग वाचलं — साध्या जोडपेटीला अशा दोन वाटा दिल्या की तेच तेच निरोप गोल गोल फिरत बसतात, बाकी कुणाला जागाच उरत नाही. आमच्या वेळी असं नव्हतं हो!

चिमी बाहेर आली. वाटलं, आता बोलणी खाणार. तर पोर हसत सुटली! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. किती दिवसांनी हसली. "असू दे आई. अजिबात घाई करू नकोस." किती समजूतदार आहे माझी बाय!

१४ मार्च, शनिवार

जादाची वायर त्याच दिवशी काढली. तेव्हापासून ठणठणीत. आज मुद्दाम परीक्षा घेतली — यांची मॅच, माझा व्हिडिओ, ताईशी कॉल, सगळं एकदम. जराही अडखळलं नाही. ताईच्या नाकावरचा तीळसुद्धा स्पष्ट!

चिमी या दिवसांत जावयांशी बोललेलीच नाही. कामं आहेत म्हणते. उद्या बोलेल. पोटभर बोलू देत. भांडायचं तर भांडू देत, पण पुरतं भांडू देत. लाईन आता तुटणार नाही, ही माझी जबाबदारी.

१५ मार्च, रविवार

चिमी खोलीत बोलत होती. मी राउटरसमोर खुर्ची टाकून बसले होते. दिवे हिरवे, शांत. पलीकडे यांची मॅच रंगलेली. आणि आतून तिचा आवाज — "हॅलो? हॅलो? ऐकू येत नाहीये... आई, नेट गेलं गं परत!"

नेट कुठेही गेलेलं नव्हतं. लाईन तीच तोडत होती. पहिल्यापासून.

दाराची कडी वाजली. मी हात घातला आणि राउटरची पिन उपटली.

"हो गं बाई," म्हटलं. "गेलंच."